तीन नंबरच्या निशाणावरची आडवी भोकं

“भोक बुजवू नको, भिवा! कागद डकवलास तर मनगट उपटीन!”

असं ओरडत तू चांदमारीच्या मधोमध, धोतर गुडघ्यावर खोचून, तीनशे वार पळत आला होतास. मिस्त्री, गोळीबार चालू असताना निशाणाच्या दिशेनं पळायची अक्कल तुला कुठल्या गुरूनं दिली, हे विचारायचं राहूनच गेलं. पुढं स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात ही गोष्ट सांगताना मी तुझ्या कानांजवळून चार गोळ्या नेल्या. दिवाळीपर्यंत त्यांच्या सात झाल्या. दुसऱ्या वर्षी एक गोळी तुझ्या टोपीत डावीकडून शिरली आणि जाता जाता वाकडी टोपी सरळ करून गेली. खरं सांगायचं तर तेव्हा एकच बंदूक वाजत होती, तीही पार पलीकडच्या निशाणावर, आणि साहेबानं शिट्टी फुंकली तशी गप्प झाली. पण तू पळालास हे खरं. त्यात मी काही घातलेलं नाही.

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. लोणावळ्यातली माणसं मला रस्त्यात धरतात आणि म्हणतात, भिवा, तुझा जोडीदार गेला, त्याची एखादी गंमत सांग. मी सांगतो. माझ्याकडं गमती कमी नाहीत आणि कमी पडल्या तर तिथल्या तिथं तयार होतात, हे तुला ठाऊक आहे. एकच गोष्ट मी कालपर्यंत कुणाला सांगितलेली नव्हती, कारण ती आधी तुला सांगायची होती. तीस वर्षं ती माझ्याकडं पडून आहे. आता सांगायला बसलोय तर तू नाहीस. तू असतास तर म्हणाला असतास, भिवा कधी येळेवर आलाय का, पंगत उठल्यावर येतो आणि पत्रावळीचं कौतुक करतो.

तर ते भोक. माझं काम काय होतं ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, तू जरा कान बंद कर. चांदमारीच्या टोकाला डोंगराच्या पोटाशी एक खंदक, खंदकापुढं मातीचा जाड बांध. त्या बांधाआड मी बसायचो. लाकडी चौकटीवरचं निशाण दोरीनं वर करायचं, फैर झाली की खाली ओढायचं, भोक कुठं पडलं ते लांब दांडीनं बंदूकवाल्यांना दाखवायचं, आणि भोकाला खळ लावून वर कागदाचा तुकडा डकवायचा. निशाण पुन्हा कोरं. बारा वर्षं मी साहेब लोकांची भोकं बुजवली. त्यांच्यापैकी कुणी कधी मागं वळून विचारलं नाही की भोक कसं पडलं. कुठं पडलं एवढंच विचारायचे. कसं पडलं हे विचारणारा तू एकटा.

आठवडाभर जे इंजिनं हाकायचे, गार्डाच्या डब्यात उभे राहायचे नाहीतर कारखान्यात फिटर-फोरमन असायचे, ते रेल्वेचे गोरे आणि निमगोरे लोक रविवारी सकाळी खाकी चढवून पलटण व्हायचे. फोरमन साहेब त्या दिवशी कप्तान साहेब. आणि तू परंदवडीचा लोहार, हाताला गुण म्हणून कारखान्यात घेतलेला, रविवारी त्यांच्या बंदुकांचा मिस्त्री. आठ बंदुका, आठ निशाणं. बंदुकीच्या दस्त्यावर पांढऱ्या रंगानं आकडा, निशाणावर तोच आकडा. तीन नंबरची बंदूक तीन नंबरच्या निशाणावरच चालायची. देवळात पालखीला खांदा द्यायचा मान जसा ज्याचा त्याला, तसं ते होतं. का, म्हणून विचारायची सोय नव्हती, आणि तसं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

माझी दांडी तीनदा डावीकडं खालीच गेलेली बघून तू पळत सुटला होतास. खंदकात उडी मारलीस, धाप लागलेली, आणि माझ्या हातातली खळीची वाटी हिसकावून घेतलीस. मग तीन नंबरच्या निशाणाला नाक लावलंस. गोळीचं भोक कसं असतं? टोच्यानं टोचल्यासारखं, वाटोळं, स्वच्छ. हे तसं नव्हतं. बोटाचं पेर आडवं ठेवून दाबावं तसं लांबट भोक होतं. गोळी नाकानं न लागता कुशीवर लागली होती. डाव्या अंगाला, खाली, अशी तीन भोकं. आदल्या रविवारी पण दोन होती, ती मी इमानानं बुजवली होती.

“आडवी आली,” तू म्हणालास. एवढंच. आणि मिस्त्री, तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू घाबरायला हवं होतंस, कारण तीन नंबरची नळी तूच दुरुस्त केली होतीस. पण तुझे डोळे असे चमकत होते, जसं काही कुणी तुला भर बाजारात दोन तोंडांचा बैल दाखवलाय.

घाबरलो मी. कारण पाठोपाठ साहेब बाजूच्या वाटेनं आला, त्यानं ते भोक बघितलं, आणि त्याची मान लाल झाली. त्या नळीच्या तोंडाची कड झिजून एका बाजूनं खाल्ल्यासारखी झाली होती. तू पितळेचा गोल डोक्याचा स्क्रू घेऊन, त्याला कुरुंदाची पूड आणि तेल लावून, दोन दिवस हातानं फिरवून फिरवून ती कड एकसारखी केली होतीस. नव्या नळीची पण इतकी सुबक नसेल. साहेबाला ते आधीच पसंत नव्हतं. तो म्हणाला, “मिस्त्री, तुमने बॅरल बिगाड दिया.” आणि दोन रविवारांची मुदत दिली. तेवढ्यात बंदूक बिघडलेली नाही हे दाखव, नाहीतर कारखान्यातलं काम गेलं आणि लाइनीतली खोली पण गेली. सोनावहिनी नुकती नांदायला आली होती. त्या खोलीत चूल मांडून तिला महिनाही झाला नव्हता.

मी म्हणालो, मिस्त्री, पाय धर साहेबाचे. तू म्हणालास, “पाय धरून गोळी सरळ हुती व्हय?”

तो आठवडा तू जेवलास की नाही देव जाणे. दुसऱ्या रविवारी तू जे केलंस ते मी किती जणांना सांगितलंय, आणि गंमत म्हणजे त्यात मला एक अक्षर वाढवावं लागत नाही. तू पाच बांबूच्या चौकटी केल्यास. त्यांवर रद्दीतली वर्तमानपत्रं ताणून बसवलीस. चांदमारीवर दर पन्नास वारांवर एक, अशा त्या उभ्या केल्यास. साहेब हसला. म्हणाला, मधे कागद आला तर निशाण दिसणार कसं? तू त्याला मातीत काडीनं कमान काढून दाखवलीस. गोळी नजरेच्या रेषेतनं जात नाही, जरा वरनं कमान करून जाते आणि निशाणाजवळ खाली उतरते. तेव्हा कागद नजरेच्या वर टांगायचे. नजर खालनं जाईल, गोळी कागदातनं. साहेब हसायचा थांबला. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्याला कळलं की हा लोहार आपल्यापेक्षा जास्त विचार करतो, आणि ते काही त्याला आवडलं नाही.

दहा गोळ्या साहेबानं स्वतः झाडल्या. मग तू त्या कागदापासनं त्या कागदाकडं असा हिंडलास, जसा भटजी घरोघर पंचांग वाचत हिंडतो. पहिला कागद: वाटोळी भोकं. दुसरा: वाटोळी. तिसरा, चौथा, पाचवा: वाटोळी. आणि निशाणावर? सात वाटोळी, तीन आडवी, पुन्हा डाव्या अंगाला, खाली.

तू माझ्याकडं आलास आणि हळू आवाजात, जसं काही ती गोळी ऐकत असावी, म्हणालास, “भिवा, अडीचशे वार शानी पोरीसारखी नाकासमोर येती. शेवटल्या पन्नास वारात तिला काय हुतं?”

साहेबाला मात्र आडवी भोकं तेवढी दिसली. नळी बिघडली नसती तर भोक आडवं पडलं नसतं. पुढचा रविवार शेवटचा.

त्या संध्याकाळी आपण तुझ्या खोलीपुढं बसलो होतो. वहिनी आत भाकऱ्या थापत होती आणि मधूनमधून चुलीवर तवा आपटत होती, तो आपल्यासाठी होता. तू बाभळीच्या लाकडाचा एक भोवरा कातला होतास, त्याला घोड्याच्या नालेच्या खिळ्याची आर. मला शिकवायला. तू म्हणालास, नळीच्या आत पिळाच्या चऱ्या असतात. गोळी त्यातनं फिरत निघते, आणि फिरते तोवर सरळ असते, भोवऱ्यासारखी. फिरणं नसेल तर कोलांट्या खाईल. आणि मग मला टोमणा मारलास की नळीला पीळ असतो म्हणून गोळी सरळ जाते, भिवाच्या जिभेलाही पीळ आहे, पण गोष्ट काही अजून सरळ गेली नाही. आतनं वहिनी हसली. तवा आपटायचा थांबला.

तू भोवरा सोडलास. फरशीवर तो असा उभा राहिला की फिरतोय हे कळू नये. मग तू झाडूची एक काडी मोडून घेतलीस आणि फिरत्या भोवऱ्याला अगदी हलकी टिचकी दिलीस. भोवरा झोकांडला. दोन गिरक्या घेतल्या आणि आडवा.

“एवढ्याशानं,” तू म्हणालास. “बघ. एवढ्याशा काडीनं.”

मिस्त्री, तू काडी हातात धरून भोवऱ्याकडं बघत होतास. मी काडीकडं बघत होतो.

आता ऐक.

मागं एकदा तू सहज बोलून गेला होतास की परंदवडीला तुझी आई दोडक्याची भाजी करायची, कूट लावून, तशी इथं खायला मिळत नाही. तू विसरलास. मी नाही विसरलो. मला स्वतःला दोडका जन्मात आवडला नाही, मी त्याला तोंडही लावत नाही. माझ्या घरी खाणारं दुसरं कुणी नाही. पण मी परंदवडीला गेलतो तेव्हा तुमच्या आळीतल्या एका म्हातारीकडनं दोडक्याचं बी आणलं आणि पाऊस लागायच्या तोंडाला लावलं. कुठं लावलं? सगळ्या मावळात ढोर शिरत नाही, चोर शिरत नाही, माकड फिरकत नाही, अशी एकच जागा. चांदमारी. आणि चांदमारीत सगळ्यात मऊ, उपसून टाकलेली, पाणी धरणारी माती कुठली? माझ्या खंदकापुढच्या बांधाची. बंदूकवाल्यांच्या अंगाला, तीन नंबरच्या निशाणासमोर, मी चार आळी केली आणि वेल चढवायला कारवीच्या काठ्या रोवल्या. तीनशे वारांवरनं हिरव्यात हिरवं, कुणाला काय दिसणार. पाऊसभर चांदमारी बंदच असायची. दसऱ्यानंतर गोळीबार सुरू झाला तोवर वेल काठ्यांच्या शेंड्याला पोचला होता, आणि शेंडे बांधाच्या वर वीतभर डोकावत होते.

एरवी तू खंदकात यायचास तो बाजूच्या वाटेनं, बांधाच्या मागनं; पळत समोरनं आलास त्या दिवशी तुझी नजर वर निशाणाला चिकटलेली होती. पाचवी चौकट तू वेलापासनं पन्नास पावलांवर उभी केलीस आणि त्याच्याकडं पाठ करून कागद ताणत होतास. आणि तीन नंबरची बंदूक तीन नंबरच्या निशाणावरच चालत होती. एकदा जरी चार नंबरच्या बंदुकीनं तीन नंबरवर गोळी झाडली असती, तर तिचंही भोक आडवं पडलं असतं आणि पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण मान ज्याचा त्याला.

सोमवारी उजाडता उजाडता मी बांधावर चढलो. डावीकडच्या दोन काठ्यांची डोकी तासल्यासारखी उडाली होती. तिसरीच्या शेंड्याला एका अंगानं अर्धगोल खाच होती, गुळगुळीत, जशी तू कानशीनं केली असतीस. खाली एक दोडका लोंबत होता, त्याच्या आरपार वाटोळं भोक. गोळी दोडक्याला सरळ भेटली होती. काठीला चाटली तीच झोकांडली.

मी काय केलं असतं, मिस्त्री? धावत तुझ्याकडं आलो असतो तर तू धावत साहेबाकडं गेला असतास. तुझ्या पोटात खरं कधी अर्धा तास टिकलं नाही. आणि सरकारी चांदमारीवर भाजीचा मळा करणाऱ्या माणसाला साहेबानं कुठल्या गाडीखाली घातलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी वेल उपटला. काठ्या काढल्या. आळी बुजवली, वर गवताची ढेपळं लावली. भोकं बुजवायची मला सवयच होती. पदरात पडले ते सात दोडके त्याच दिवशी वहिनीकडं नेऊन दिले. भोकाचा आठवा मी ओढ्यात टाकला.

तिसऱ्या रविवारी साहेबानं वीस गोळ्या झाडल्या. वीस वाटोळी भोकं. तीन नंबरच्या नळीतनं भोकांचा इतका घट्ट पुंजका त्या वर्षात कुणी बघितला नव्हता, तुझा हात होता तो. साहेब तुझ्याशी हात मिळवून गेला. काम राहिलं, खोली राहिली. लोकांनी तुला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि तू सगळ्यांना सोडून खंदकात आलास, ओल्या मातीवर उकिडवा बसलास, आणि म्हणालास, “भिवा, काय बदललं?”

मला तेव्हा एकच शब्द सुचला. “वारा.”

बस. तिथनं पुढची तीस वर्षं.

तू सोडून दिलं असतंस तर मी पण सोडून दिलं असतं. पण तू विचारत राहिलास आणि मी वाढवत राहिलो. त्या काळी बोरघाटात गाडी उलटायची. अर्धा घाट चढून आली की कड्याच्या टोकाला थांबायची, इंजिन पुढचं मागं लावायचं आणि शेपटीकडनं पुढं निघायची. मी तुला सांगितलं, वाऱ्याचं पण तसंच आहे. कोकणातनं चढतो, त्या टोकाला येतो, नागफणीच्या सुळक्याला टक्कर देतो आणि उलटा होऊन खंडाळ्यावरनं इकडं येतो. काही रविवारी येतो, काही रविवारी नाही येत. गोळीला पुढनं वारा ठाऊक, मागनं ठाऊक, पण उलटलेला वारा बिचारीला ठाऊक नाही. मला वाटलं होतं तू हसशील. तू वही काढलीस.

सावरीचा कापूस काठ्यांना बांधून तू तीन हिवाळे चांदमारीवर उभा होतास. धुराकडं बघितलंस, गवताकडं बघितलंस, घारींकडं बघितलंस. ती आडवी भोकं निशाणावरनं कातरून वहीत डकवली होतीस. लोक वहीत फोटो डकवतात, मिस्त्रीनं भोकं डकवली, हे मी साऱ्या गावाला सांगितलं. पुढं नवे बोगदे झाले, गाडी उलटायची थांबली. तू काळजीच्या सुरात विचारलंस, “आता वारा कुटं उलटंल रं?” आणि मी, माझ्या जिभेला हाड नाही, म्हणालो की वाऱ्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

मी तीनदा सांगायला निघालो होतो. एकदा साहेब विलायतेला कायमचा गेला तेव्हा, आता कुणाची भीती म्हणून. तुझ्या घरी आलो तर तू ओट्यावर दोन भोवरे शेजारी शेजारी फिरवत होतास, एक जड, एक हलका, आणि फुंकर घालून बघत होतास कुठला आधी डळमळतो. तुझे केस पिकले होते, आणि तू इतका खूश होतास की मी चहा पिऊन परत गेलो. दुसऱ्यांदा तू कारखान्यातनं निवृत्त झालास तेव्हा. त्या दिवशी तू म्हणालास, आता येळच येळ हाय, आता त्या वाऱ्याला धरतो. पुन्हा चहा. माझी ती थाप नव्हती राहिली, मिस्त्री. तू तिला इतकी वर्षं खाऊपिऊ घातलंस की ती तुझ्याच घरची झाली होती.

की हेही मी स्वतःला समजावायला म्हणतोय? माझ्या गोष्टीला पीळ असतो, तूच म्हणालास. खरं असंही असेल की मी भ्यालो. साहेबाला नाही, तुला. भोवऱ्याकडं बघायचास तसं तू माझ्याकडं बघशील आणि म्हणशील, एवढ्याशानं.

तिसरी वेळ सोळा दिवसांमागची. तू खाटेवर होतास, आवाज भोवरा थांबायच्या वेळचा. मला जवळ बोलावून विचारलंस, “भिवा, वाराच व्हता का?” मी म्हणालो, मिस्त्री, तुला दोडक्यांचं एक सांगायचंय. तू हात जरासा हलवलास. दर वर्षी मी तुला दोडके आणायचो ना, त्याच बियाचे, नंतर मी ते माझ्या परसात लावायला लागलो होतो. तुला वाटलं, यंदाचे आणलेत. “आता नको रं दोडके,” तू म्हणालास. “लय खाल्ले.” आणि हसलास. डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही, हे एवढंच आहे. बाकी सगळं गमतीचं.

काल तेरावं उरकून दोन दिवस झाले होते. मी वळचणीतनं ती कारवीची काठी काढली, अर्धगोल खाचेची. तीस वर्षं जपून ठेवली होती, का ते विचारू नको. तुझ्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. शेजारी तुझी वही, तिच्यावर दोन भोवरे दाबाला ठेवलेले. मी तिच्यापुढं काठी ठेवली आणि सांगितलं. वेल, बांध, काठ्या, सोमवारची सकाळ, वारा. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट न वाढवता सांगितली, आणि ती इतकी लहान निघाली की मला लाज वाटली. सांगून झाल्यावर म्हणालो, वैनी, शिव्या द्या, काठी हातात घ्या, काय करायचं ते करा. तुमच्या नवऱ्याचं काम मी घालवत होतो आणि त्याला मरेपर्यंत खोट्यावर ठेवलं.

तिनं काठी उचलली. खाचेत अंगठा घालून बघितला, तू बघितलं असतंस तसाच. मग ती वहीवर भोवऱ्यांशेजारी ठेवली.

“ते दोडके तितले व्हते तर,” ती म्हणाली.

व्हय, मी म्हणालो. मिस्त्रीला आवडायचे म्हणून.

सुपातला एक खडा तिनं वेचून बाजूला टाकला.

“कडू व्हते, भावजी. दरसाल. तरी ते खायचे.”